गोड गळ्याचा पहारेकरी

२ सप्टेंबर

टक् — टकटक — टक्! पहाटे जाग आली ती या आवाजाने. कवितेच्या तासाला मास्तर टेबलावर पट्टीने ठेका धरायचे आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणायचो. अर्थ कुणाला कळत होता! पण काय डोलायचो! पडल्या पडल्या मीही मान डोलवली. मग डोळे उघडले. मास्तर कसले नि पट्टी कसली — खाली माझ्या मुलाचं खोदायचं मशीन सुरू झालं होतं.

या महिन्यात प्रार्थनागृहात वाचनाची पाळी माझी. हिब्रू संदेष्टे, देवाचा निरोप लोकांना सांगणारे. मास्तर असते तर खूश झाले असते.

३ सप्टेंबर

वाचलं. परमुलखात, कैद्यांच्या वस्तीत, नदीकाठी बसलेला तो संदेष्टा. देव त्याला सांगतो, मी तुला पहारेकरी नेमलंय. तलवार येताना दिसली आणि तू शिंग फुंकलं नाहीस, तर मेलेल्यांच्या रक्ताचा जाब तुला विचारीन.

कुठे थांबायचं, कुठे आवाज उतरवायचा, सगळं जमलं. प्रार्थनागृहाचे प्रमुख हात धरून म्हणाले, "वा! तुमच्या तोंडून प्रलयसुद्धा गोड वाटतो हो." घरापर्यंत गुणगुणत आलो. दारात आल्यावर लक्षात आलं काय गुणगुणतोय ते — तलवार, रक्त!

५ सप्टेंबर

आमची गल्ली उतारावर. वरच्या ओळीत माझं घर. खालच्या ओळीत इस्त्रीवाली आणि आणखी काही बिऱ्हाडं. मधे उतार थोपवून धरणारी जुनी दगडी भिंत. तिच्या पायथ्याशीच मुलगा नव्या इमारतीचा पाया खणतोय.

आज सहज खाली उतरलो. भिंतीला पोट सुटलंय! फटींतून पाणी झिरपतंय, तेही गढूळ. म्हणजे आतली माती वाहून चाललीय. कितीतरी वेळ बघत उभा राहिलो.

"काय हो आजोबा, भिंतीला इस्त्री करायचीय का?" — इस्त्रीवाली, खिडकीतून. "आणा इकडे, चुण्या काढून देते!"

हसलो.

६ सप्टेंबर

मुलाला बोलावून घेतलं. भिंतीचं सांगितलं.

"बाबा, तुम्हाला ढगात हत्ती दिसतात, भिंतीत पोट दिसणारच."

"थोडे दिवस काम थांबव रे."

"थांबवून कसं चालेल? पाया भरला की भिंतही नवी बांधून देतो."

"भिंत तोवर थांबेल?"

"ते तुमच्या देवालाच विचारा. मी रीतसर परवानगी काढलीय."

चहा अर्धा टाकून गेला. हट्टी! लहानपणी पडला तरी रडायचा नाही, जमिनीलाच लाथ मारायचा.

१० सप्टेंबर

आजचा उतारा वाचायला नको होता. की हाच वाचायला हवा होता?

देव त्याच संदेष्ट्याला म्हणतो: हे लोक तुझ्यापुढे येऊन बसतात, पण तू त्यांना गोड गळ्याचा गवई वाटतोस. ऐकतात सगळं, करत काहीच नाहीत.

माझा आवाज कापला. लोकांना वाटलं मुद्दामच कापवला! पुन्हा वाहवा. इस्त्रीवाली डोळे पुसत बाहेर आली. "काय आवाज लावलात आजोबा! रडूच आलं मला."

"कशाचं?"

"ते नाही बाई कळलं. पण बरं वाटलं रडून."

११ सप्टेंबर

परवापर्यंत फटीत बोट जात होतं. आज मूठ गेली.

१७ सप्टेंबर

आज पुस्तक उघडलंच नाही. उभा राहिलो आणि म्हणालो — भिंत पडणार आहे. खालच्या ओळीतल्यांनी घरं सोडा. खणणारा माझाच मुलगा आहे, तो ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

ना ठेका, ना सूर. मधे खोकलोही. कुणी मान डोलवली नाही. प्रमुख हळूच म्हणाले, "बरं वाटत नाहीये का?" मागच्या बाकावर सूनबाई होती. ती उठून गेली.

संध्याकाळी खालची बिऱ्हाडं निघाली! कुणी नातेवाइकांकडे, कुणी प्रार्थनागृहाच्या पडवीत. इस्त्रीवालीने टेबल डोक्यावर घेतलं आणि वर बघून ओरडली, "नाही पडली ना आजोबा, तर या वयात कपडे तुम्हाला वाहायला लावीन!"

मुलाचा फोन. "भर सभेत बापानेच नाक कापलं माझं." एवढंच. ठेवला.

१८ सप्टेंबर

काही नाही.

२० सप्टेंबर

आजही नाही. भिंत जशीच्या तशी. लोक परतू लागले. इस्त्रीवाली टेबल घेऊन आली. "देवाने बेत बदलला वाटतं! का तुम्हाला कळवायचा राहिला?" सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं.

मग गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. भिंतीकडे टक लावून. आणि मनात काय आलं! — पड की एकदाची!

खाली इस्त्रीवाली गरम कपड्यांच्या घड्या घालत होती. कुणाची तरी मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. आणि मी म्हणत होतो, पड! का? तर माझं खरं ठरावं. असाच एक संदेष्टा शहराबाहेर सावलीत जाऊन बसला होता — शहर कधी बुडतंय ते बघायला. त्याच्यावर मी किती वेळा हसलोय.

हात जोडले. म्हटलं, मला खोटा पाड, पण त्यांना राख. शब्द कोरडेच निघाले. पुन्हा म्हटलं.

२१ सप्टेंबर

मुलाकडे जाऊन आलो. दार सूनबाईने उघडलं, तो बाहेर आला नाही. आतून म्हणाला, "उद्या स्वतः खाली उतरून बघतो. मग तरी गप्प बसाल?" म्हटलं, बसेन.

२२ सप्टेंबर

दुपार. मशीन मधेच थांबलं. भिंत बघून मुलगा वर येईल म्हणून दाराकडे डोळे लावून बसलो होतो. दार वाजलं.

मुलगा नाही. इस्त्रीवाली! अनवाणी, धापा टाकतेय. "आजोबा, बाहेर पडा! भिंतीचा पाया खड्ड्यात गेलाय, आतली माती ओघळतेय. तुमच्या घराखाली भगदाड पडलंय, खालून स्वच्छ दिसतंय! तुमचा लेक दारोदार जाऊन आम्हाला हाकलतोय, मला म्हणाला, मावशी, आधी बाबांना काढा —"

वरच्या ओळीचा मी विचारच केला नव्हता.

"अहो, लिहिताय काय!"

मशीन बंद आहे. तरी फळीवरची भांडी वाजताहेत.