गेटापलीकडचा बर्फ

आबा, तुमची नात सध्या काश्मीरमध्ये आहे आणि पायांना लांब फळ्या बांधून बर्फाच्या डोंगरावरून घसरते. हसू नका. तुम्ही तिला पाहिलंच नाही, तिच्या जन्माआधीच गेलात, म्हणून आधी हे सांगते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "तिला कामधंदा नाय काय गो?" आहे, पुण्यात चांगली नोकरी आहे. पण सुट्टी मिळाली की पोरगी तिकडे पळते. हॉटेलाजवळचा उतार म्हणे राखलेला असतो, तिथे काही होत नाही. त्याच्या पलीकडे एक गेट आहे आणि गेटापलीकडे मोकळा डोंगर, कोणी न तुडवलेला बर्फ. हिला तोच हवा. तिथे कधी कधी अख्खा उतारच सुटून खाली येतो. म्हणून तिथली राखणदार माणसं रोज सकाळी बर्फ तपासतात आणि गेट उघडायचं की बंद ठेवायचं ते ठरवतात. एकट्याने जायचं नाही. धोक्याचा उतार एकेकाने ओलांडायचा. छातीला एक यंत्र बांधायचं, म्हणजे माणूस गाडला गेला तर बाकीच्यांना त्याचा ठाव लागतो. पाठीवर फावडं. "फावडं कशाला गं?" मी विचारलं. "खणून काढायला, आई." आज भाजी कुठली केलीस असं विचारावं, तशा आवाजात सांगते.

परवा तिने व्हिडिओ पाठवला. उतारावर आधीच्यांच्या फळ्यांच्या रेघाच रेघा. "बघ, किती जण जाऊन आलेत!" मला मात्र आपला खाडीचा बांध दिसला. मी सातवीत आहे. पुनवेचं उधाण आहे, खारं पाणी बांधाच्या कडेपर्यंत आलंय, आणि तुम्ही बांधाच्या तोंडाशी बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकलीय. उधाणात बांधावरून कोणी जायचं नाही हा गावाचा नियम, आणि तो पाळला जातो की नाही ते बघायचं काम तुमचं. शाळेतून लांबच्या वाटेने यायचा मला कंटाळा. फांदीपलीकडे चिखलात कोणाची तरी पावलं उमटलेली. त्यांना चालतं तर मला काय धाड भरलीय? मी फांदी ओलांडते, पावलावर पाऊल टाकत जाते आणि घरच्या बाजूला उतरते. तिथे तुम्ही उभे. तुम्ही सगळं बघत होतात, पण हाक मारली नव्हतीत, दचकून मी पळाले असते म्हणून. उतरल्यावर मात्र अशी एक ठेवून दिलीत की दप्तर उडालं. "पावलं बघितलीस, ती कशानं उमटली ते नाय बघितलंस? सुक्या बांधावर पाय उमटतो काय गो?" मग तुम्हीच खाली बसलात. दोन दिवसांनी तिथेच बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात शिरलं.

हे सगळं मी पोरीला फोनवर सांगितलं, तुमच्या आवाजात सांगितलं. तिने मन लावून ऐकलं, हो. म्हणाली, "आबा ग्रेट होते. आम्हांलाही हेच शिकवतात, दुसऱ्याच्या रेघा बघून जायचं नाही." मला हायसं वाटलं. तेवढ्यात म्हणते, "पण आई, तू पोचलीस ना?" पोचलेच होते मी. मार खाऊन का होईना, पोचले. तिच्या बापाला सांगायला गेले तर ते डोलवीच्या कंपनीत निघालेले, बूट घालता घालता म्हणाले, "शिकलेली पोर हाय, सगळं सामान घेऊन जाते. तू उगाच जीव जाळू नको." त्यांना निदान शिफ्ट आहे, तेवढे तास डोकं दुसरीकडे राहतं.

आज सकाळी मी गणपतीच्या कारखान्यात होते. परदेशी जाणाऱ्या मूर्ती लवकर निघतात, त्यांच्या डोळ्यांची आखणी माझ्याकडे असते. मेसेज आला. "गेट उघडलंय, पण जपून जा म्हणालेत. आम्ही चौघं निघतोय. जाऊ ना?" जाऊ ना म्हणे! मी "नको जाऊ" असं लिहिलं. पुसलं. परत लिहिलं, परत पुसलं. शेवटी "सांभाळून जा" लिहून पाठवलं. मग ब्रश पाण्यात ठेवून दिला. मालकांनी विचारलं, "बरं नाय काय?" डोकं दुखतंय सांगून घरी आले. आता दुपारचे तीन वाजलेत. फोन लागत नाही. तिथे रेंज नसते हे मला माहीत आहे, तरी लावतेय. तुम्ही निदान बांधाच्या टोकाशी उभे होतात, आबा. मी इथे पेणमध्ये बसून काय करू?

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून एक खरं लिहून टाकते. नको म्हटलं असतं तर ती थांबली असती. माझी पोर तशी ऐकणारी आहे, आजचा दिवस नक्की थांबली असती. पण पुढच्या वेळी मला न सांगता गेली असती. तिने मला विचारत राहावं, एवढ्यासाठी मी तिला जा म्हटलं.