मायच्या अंड्यांचा वास

उर्वशीचे बाबा,
तुम्ही खदानीत गेले अन् मी गाडी बाबूभाई मिस्त्रीकडे नेली. गाडीतला सडक्या अंड्यांचा वास माझ्या मायनं देल्लेल्या अंड्यांचा नाई. सायलेन्सरच्या डब्यात धूर साफ करणारी जाळी असते, ती तुटली. म्हणूनच गाडी चढावर दमते. डबा मी सोता ठोकून पाह्यला, आत सोयाबीनवानी खुळखुळते! पण वास अंड्याचाच काऊन, ते बाबूभाईलेई सांगता आलं नाई. जुनी जाळी फेकू देऊ नका, मले फोडून पाहाची हाय.

भाजी झाकून ठेवली. मी रेल्वेनं नागभीडले मायकडे चालली. तुम्ही तिचे अंडे गाडीत घ्याले मना केलं, तवापासून गेलीच नाई. गाडी नीट झाली का न्याले या. टोपलं मी मांडीवर धरीन, अन् काचा बंद ठेवू.

इंदू