इराचा भाऊराव

प्रशिक्षण केंद्र
२० जुलै २०२५

ती. कुंदाआत्यास,
अनीशचा सा. न. वि. वि.

इथे फोन काढून घेतलेत, म्हणून पत्र. अक्षराला हसू नकोस. पाय सुजलेत, बाकी ठीक.

भाऊराव कसा आहे? दाढीवाला सरडा गळ्यात घालणारा भाचा दुसऱ्या कुठल्या आत्याला नसेल, हे मान्य. पण इरा गेली, आणि माझ्या बहिणीच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलंय. बाबांना तो डोळ्यांसमोर नको होता, म्हणून तुझ्याकडे आणला.

दुधी, किसलेला लाल भोपळा, शेवग्याचा पाला, जास्वंदीच्या पाकळ्या बिनधास्त दे. रातकिडे कॅम्प पाचच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतात. पालक रोज नको. आणि मनीप्लांट, कण्हेर, बिट्टी, धोतरा यांचं पानसुद्धा त्याच्या जवळ नको, विष आहे. दिवाळीत सुट्टी मिळेल. तोवर त्याला जप आत्या, प्लीज.

माझ्यावर आहे तशीच माया राहू दे.
तुझा अनीश

अंबरनाथ पूर्व
१४ ऑगस्ट २०२५

चि. अनीश यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पायाला रात्री खोबरेल चोळत जा. तुमचे भाऊराव मजेत आहेत. कालच दुधी फस्त केला. रातकिड्यांचा डबा उघडा राहिला आणि दोन स्वयंपाकघरात पळाले, तर शेजारची तेजल खुर्चीवर चढून किंचाळत होती! तुझे बाबा बदलापूरहून परवाच येऊन गेले, दादा बरा आहे. आम्ही सगळे खुशाल. तू फक्त परीक्षेकडे लक्ष दे.

पत्र पाठवत राहा, वाट बघते.
तुझी आत्या

अंबरनाथ पूर्व
३ सप्टेंबर २०२५

चि. अनीश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. परीक्षा पास झालास आणि भाऊरावला बसायला लाकडी फळी करून आणणार आहेस, हे वाचलं आणि मला जेवण गेलं नाही. बाळा, भाऊराव नाही रे. अकरा ऑगस्टलाच गेला. मागचं पत्र मी खोटं लिहिलं.

तो कात टाकत होता. चार दिवस तोंडात काही घेईना. रातकिड्यांच्या दुकानातले सिंधी काका म्हणाले होते की होता है, घाबरू नका. पण माझा जीव राहिना. श्रावणी सोमवार होता. शिवमंदिरात जाऊन त्याच्यासाठी हात जोडले आणि पिंडीवरचं एक फूल प्रसाद म्हणून घरी आणलं. बिट्टीचं होतं. तू लिहिलं होतंस, मला आठवत होतं. बिट्टीच्या बिया विषारी हे तर मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण महादेवाने सगळ्या जगाचं विष पोटात घेतलं, त्याच्या अंगावरून उतरलेलं फूल कुणाला कसं बाधेल, असं वाटलं. मीच त्याच्या तोंडाशी धरलं. चार दिवसांनी पहिल्यांदा त्याने काही खाल्लं, म्हणून मी किती खूश झाले!

तासाभरात त्याची दाढी काळीकुट्ट झाली, तोंड उघडंच राहिलं. ओढणीत गुंडाळून रिक्षाने विठ्ठलवाडीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हात लावला आणि उशीर झाला म्हणाले. दादा म्हणाला, पोराची परीक्षा होऊ दे, मग सांग. मी ऐकलं.

इराला मी काय तोंड दाखवू? तू शिव्या दे, पण बोलणं टाकू नकोस.
तुझी आत्या

प्रशिक्षण केंद्र
१२ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न.

फुलाचा राग नाही. तू त्याच्यासाठीच देवळात गेली होतीस. खूप रडलो, पण तुला शिव्या द्याव्यात असं एकदाही वाटलं नाही.

राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. इरा हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाही माझे पेपर चालू होते. तू आणि बाबा रोज फोनवर सांगायचात, बरी आहे, जेवली, तुझी आठवण काढते. मी शेवटचा पेपर देऊन घरी आलो तेव्हा तिला जाऊन तीन दिवस झाले होते. तुम्ही नुसतं पाणी पुढे केलंत.

आता तुझं "आम्ही सगळे खुशाल" वाचलं की मला त्यातला एकही शब्द खरा वाटत नाही. पुढच्या महिन्यात इथे फायनल टेस्ट आहे, आणि ते तुम्हा दोघांनाही माहीत आहे.

बाबांनी दोन महिन्यांत स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिलेली नाही. आत्या, बाबा कसे आहेत?

अनीश