स्युरमामाचं अंथरूण

३ नोव्हेंबर २००९
सापडला! बेर्गेन बंदराच्या दप्तरखान्यात दिवसभर जुन्या प्रवासी याद्यांत डोळे फोडून घेतले. ऑक्टोबर १९२९, न्यूयॉर्कची बोट — स्युर, वय एकोणीस, शेतमजूर. आईचा थोरला भाऊ. जाऊन ऐंशी वर्षं झाली, एक पत्र नाही.

८ नोव्हेंबर
वृद्धाश्रमात आईला सांगितलं. वाटलं, खूश होईल. बटाटा सोलता सोलता थांबली.
"कशाला उकरून काढतेस, ओड्नी? गेला तो गेला."
रागच आला. तिचा, आणि मामाचाही! आजी वर्षानुवर्षं माळ्यावर त्याचं अंथरूण घालून ठेवायची, आणि यानं दोन ओळी खरडू नयेत? आई नव्वदची झाली. तिचं आता काही खरं नाही. ती जायच्या आत तिला भाऊ शोधून द्यायचाच.

९ नोव्हेंबर
पाऊस. चारलाच अंधार. काही केलं नाही.

१७ नोव्हेंबर
न्यूयॉर्कहून त्या बोटीच्या उतारूंची यादी आली. मामाच्या नावावर आडवी रेघ. बाजूला — न्यूमोनिया, समुद्रात मृत्यू. म्हणजे पोचलाच नाही! आणि मी त्याला शिव्या घालत होते.
धाकट्या भावाला फोन केला. त्याचं नावही स्युरच, मामाचं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, आपल्या खोऱ्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवतात का गं कधी?"
नाही ठेवत. त्या माणसाचं आयुष्य जातं म्हणतात. मग १९५१ साली आईनं हे नाव ठेवलं कसं?

२२ नोव्हेंबर
विचारलं. आई एकदम बोलायला लागली.
"टपाल आणायला धक्क्यावर मीच जायचे. दहा वर्षांची होते. बोटीच्या कप्तानाचं पत्र वाटेतच फोडलं. घरी आले तर आई त्याच्यासाठी मोजे विणत बसलेली. चुलीत टाकलं मी ते."
"आजीला कधीच सांगितलं नाहीस?"
"तोंडच उघडेना. उद्या सांगू, उद्या सांगू... एकवीस वर्षं गेली. मग तुझा भाऊ झाला. बारशाला पाद्र्यानं नाव विचारलं. मी म्हटलं, स्युर. आई पहिल्याच बाकावर होती."
"मग? काय म्हणाली आजी?"
"काही नाही. घरी येऊन सगळ्यांना कॉफी दिली."
आई रडली. मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर
आज आठवलं. मी चार वर्षांची असेन. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आजी माळ्यावरून मामाचं अंथरूण खाली आणत होती. उशी तिनं माझ्याकडे धरायला दिली होती.