सत्तेचाळीस सेंट आणि खोडलेले सहा शब्द

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळी सव्वाअकरा. त्या क्षणी माझे आयुष्य बदलले, म्हणून हे मृत्युपत्र तिथूनच सुरू करतो. ॲड. यज्ञेश्वर गायधनी यांच्या दिवाणखान्यात मी त्यांच्या मुलीला, तेजश्रीला, मागणी घालायला बसलो होतो. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारले, "योगेश, मी तीस वर्षं लोकांची मृत्युपत्रं करतोय. तुझं करायचं म्हटलं तर त्यात लिहायचं काय रे? एक पान तरी भरेल का?"

भरेल.

मी, योगेश खंडेराव बोरस्ते, वय चोवीस, मूळ राहणार दिंडोरी, हल्ली गंगापूर रोड, नाशिक, धंदा द्राक्षबागेतले फवारणीचे ब्लोअर दुरुस्त करणे, शिक्षण इंजिनिअरिंग अर्धवट, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे. डोके तापलेले आहे, पण तापलेले आणि बिघडलेले यांत फरक असतो. मला आजार नाही, जिवाचे बरेवाईट करायचा विचार तर मुळीच नाही. कोणी धाक घालून किंवा फूस लावून हे लिहून घेतलेले नाही. सराफ बाजारात वत्सलाबाईंच्या जिन्यावरच्या खोलीत, त्यांच्याच टेबलावर, भरदुपारी बसून लिहीत आहे. वत्सलाबाई सुटे हिरे विकतात. त्या मधून मधून बोलतात, त्याला इलाज नाही.

कलम १. बँकेत जे शिल्लक निघेल ते माझी आई बायडाबाई हिला. तिने ते देवळाला न देता स्वतःच्या गुडघ्याला लावावे. मोटरसायकल वडिलांना, म्हणजे दादांना. त्यांनी ती चालवू नये, नुसती पुसावी. ते मला लहानपणापासून सांगतात, "तुझं डोकं लय तापतं पोरा, उभं राहून जरा वारं घेत जा." त्यांचे ऐकले असते तर यापुढचे कलम लिहावे लागले नसते.

कलम २. कॉलेजात तिसऱ्या वर्षी एका सरांनी माझी ड्रॉइंगची शीट भर वर्गात फाडली आणि म्हणाले, "तू आपला बापाच्या मळ्यात जा." मी उरलेल्या अकरा शीट स्वतः फाडल्या, त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि निघालो तो परत गेलो नाही. पण सरांनी फाडलेल्या शीटचे तुकडे कोणी तरी गोळा केले, चिकटपट्टीने जोडले आणि आठवड्याने दिंडोरीला आमच्या घरी आणून दिले. "मापं सगळी बरोबर आहेत तुझी. मी तपासली," एवढेच बोलली. ती तेजश्री. ती शीट त्या सरांना द्यावी. मापे त्यांनीही तपासावीत.

कलम ३. पाने, पकडी, पंप खोलायचा संच आणि नोझलची भोके तपासायचे भिंग माझा भागीदार सोमनाथ याला. भिंग त्याने शर्टाला पुसू नये.

कलम ४. एक सुटा हिरा. गोल, वजन सत्तेचाळीस सेंट, म्हणजे अर्ध्या कॅरेटला तीन सेंट कमी. रंग एच. सर्टिफिकेटचा नंबर हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला आहे, भिंगातून वाचता येतो, मी तीनदा वाचला. माझ्या कमाईतली सगळ्यात चांगली वस्तू हीच. तो मी निवडला असे मी सगळीकडे सांगतो, पण निवडायला शिकवले वत्सलाबाईंनी, हे इथे कबूल करतो.

सप्टेंबरात मी पहिल्यांदा हा जिना चढलो तेव्हा दारातूनच म्हणालो, "एक कॅरेट दाखवा. सत्तर हजारांत."

बाई हसल्या नाहीत. बसवले, मग विचारले, "एकच कॅरेट कशाला?"

"पूर्ण आकडा बरा दिसतो."

"आकडा घालणार आहे का ती बोटात?"

त्यांनी दोन पुड्या उघडल्या. एकीत बरोबर पन्नास सेंट, दुसरीत सत्तेचाळीस. दुकानातले दिवे बंद केले, दोन्ही खिडकीशी नेले आणि म्हणाल्या, सांग, मोठा कुठला? मी छातीठोकपणे सत्तेचाळीसवाल्यावर बोट ठेवले आणि तो पन्नासचा आहे असे सांगितले. "दिसायला तोच मोठा," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचं वजन पोटात गेलंय. अर्ध्याचा आकडा गाठायचा म्हणून कारागिरानं त्याचं पोट सुटू दिलं. आणि गिऱ्हाईक त्या पोटाचे जास्त पैसे मोजतं. तू आकड्याच्या एक पाऊल अलीकडे थांब."

त्यानंतर सहा गुरुवार मी येत राहिलो. छाटणीचा हंगाम, वर्कशॉपबाहेर ब्लोअरची रांग, सोमनाथच्या शिव्या, तरी येत राहिलो. बाईंचा सगळा जोर एका शब्दावर: पाणी. मी फवारणीतला माणूस, मला वाटले हिरा भिजवून बघतात. "अरे, हिऱ्याचं पाणी म्हणजे उजेड आत घेऊन परत फेकायची ताकद," त्यांनी सांगितले. "ती कटमधून, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यातून येते. पैसे कमी आहेत ना? मग रंगात तडजोड कर, डागात कर, कटमध्ये करू नको." अंगठी पिवळ्या सोन्यात होणार, तिथे एच रंग पांढराच दिसतो, त्याहून पांढऱ्याचे पैसे वाया. माझ्या हिऱ्यात एक डाग आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, आणि तोही कडेला, जिथे सोन्याची पकड बसून तो झाकला जाईल. लॅबमध्ये तयार केलेल्या हिऱ्याचे विचारले तर म्हणाल्या, "तोही हिराच. पण लॅबच्या भावात घे. कोणता आहे ते पावतीवर लिहून घे." दुसरा दुकानदार असता तर एवढे शिकवून स्वतःच्या पोटावर पाय आणला नसता.

तिसऱ्या गुरुवारी मी एका खड्यावर अडून बसलो. हाच पाहिजे, आत्ताच पाहिजे. बाईंनी पुडी मिटली. "आज नाही. तू कोणाशी तरी भांडून आलायस. तापलेल्या माणसाला मी माल विकत नाही." खरेच भांडून आलो होतो. पुढच्या गुरुवारी तोच खडा खिडकीशी धरला तर मधोमध काळवंडलेला दिसला. त्या दिवसापासून मी या बाईला मानतो.

शनिवारी, ८ तारखेला, सत्तेचाळीस सेंटवाला ठरला. पैसे घेतल्यावर पुडी हातात देताना बाई म्हणाल्या, "जुनी पद्धत आहे. तीन रात्री तिच्या उशाखाली राहू दे. लाभला नाही तर परत आण, पैसे परत देईन." मी हसलो. पण तेजश्रीच्या आईचा, गोदावरीकाकूंचा, यावर विश्वास. त्यांना विचारूनच पुडी तिच्याकडे दिली. रविवारचे वर लिहिले आहे. सोमवारी सकाळी वकीलसाहेब बाथरूममध्ये घसरले, घोटा सुजला. काकूंचा निकाल तिथल्या तिथे लागला: खडा धार्जिणा नाही.

वत्सलाबाई आज हे ऐकून म्हणाल्या, "आणि साबण कुणी सांडला, ते विचारलं का?"

काल, मंगळवारी, तेजश्री वर्कशॉपवर आली आणि पुडी टेबलावर ठेवली.

"आई म्हणते परत दे."

"आणि तू?"

"मी तिन्ही रात्री कधी नव्हे अशी झोपले. लाभणं म्हणजे अजून काय असतं?"

मी हेल्मेट उचलले. "चल! आत्ताच तुझ्या बाबांसमोर ठेवू. सर्टिफिकेट पण घेतो. बघू देत म्हणावं."

ती जागची हलली नाही. "योगेश, एक सांग. हा हिरा तू मला देतोयस, की बाबांना दाखवतोयस?"

मी हेल्मेटचा पट्टा लावत राहिलो. ती निघून गेली. पुडी टेबलावरच राहिली.

सबब, हा हिरा माझ्या पश्चात तेजश्रीला मिळावा, तिने माझ्याशी लग्न केले असेल तर.

(वरील वाक्यातले शेवटचे सहा शब्द खोडले आहेत. खाडाखोड माझीच. यो. खं. बो. बाईंनी वाक्य वाचून फक्त एवढेच विचारले, "ही अट सर्टिफिकेटवर कुठंय रे?")

कलम ५. वत्सलाबाईंना काही देत नाही. त्या साक्षीला सही करणार आहेत, आणि ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकीलसाहेबांकडूनच ऐकले आहे. नाही तर माझे दोन्ही डोळे दिले असते, तसेही आता ते बाईंच्याच पद्धतीने बघतात.

कलम ६. या दस्ताची एक प्रत ॲड. गायधनी यांना. त्यांच्या टेबलावर आपटायची म्हणून लिहायला घेतली होती. पण गेल्या वर्षी आमच्या गावच्या मंगळूची मजुरीची केस त्यांनी एक पैसा न घेता लढवली, निकाल लागेपर्यंत दर तारखेला स्वतः उभे राहिले. म्हणून तर त्यांचे बोलणे एवढे लागले. ऐऱ्यागैऱ्याचे लागले नसते. प्रत साध्या टपालाने पाठवावी. पाने मोजली तर त्यांनीच मोजावीत.

कलम ७. हे सगळे पुन्हा वाचताना 'माझ्या पश्चात' या शब्दांशी अडलो. पश्चात म्हणजे कधी? आमच्या घरात माणसे नव्वदीच्या अलीकडे जात नाहीत. तोवर तेजश्रीने वाट बघायची, आणि मी बापलेकीच्या मध्ये पुडी धरून उभे राहायचे? कालच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर द्यायचे नव्हतेच. कलम ४ संपूर्ण रद्द. हिरा या मृत्युपत्रातून काढला. पावतीवर माझे नाव होते, ते बदलून तेजश्रीचे घालून घेतले. आज तिच्या हातात देणार, एकटीच्या. ती हो म्हणो की नाही म्हणो, परत मागणार नाही. बाबांना दाखवायचा का, काकूंना काय सांगायचे, अंगठी करायची की तसाच ठेवायचा, हे तिने बघावे. वस्तू तिची आहे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे वाचून, समजून, शुद्धीत सही करतो.

ठिकाण: सराफ बाजार, नाशिक
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
(सही) योगेश खंडेराव बोरस्ते

साक्षीदार:
१. (सही) निकिता, वत्सलाबाईंची सून. पावती मीच बदलून दिली.
२. (सही) वत्सलाबाई. योगेशने आम्हा दोघींसमोर सही केली. शाई वाळू दे म्हटलं, थांबला नाही. पुडी वरच्या खिशात घातली, खिशाला गुंडी लावली. कार्ट्याला दार आपटायची सवय आहे, पार खालच्या दुकानापर्यंत आवाज जातो. आज बाहेर गेला आणि दार हळूच ओढून घेतलं.