मेराला जायचंय

मालवण,
१७ ऑगस्ट १९८६

प्रिय आग्नेल,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या अ‍ॅनीचा खोकला बरा झाला, हे ऐकून आपल्या माईनं देवाचे आभार मानले. डावा हात कपाळाला नेऊनच; उजवा त्या झटक्यापासून अजून उचलत नाही.

हल्ली माझं कशातच लक्ष नसतं. वर्गात नकाशावर हिमालय दाखवते आणि छडी तिथंच राहते, मुलं हसतात. रविवारी चर्चला न जाता, मीस चुकवून पहिल्या एसटीनं निघते आणि दाणोलीपासून आंबोलीपर्यंत घाट चढते, पाठीवरच्या पिशवीत वाळू भरून. पावसानं समोरचं दिसत नाही. परवा एका कंडक्टरनं गाडी थांबवली. “बाईंनू, गाडयेत जागा आसा, चलतास कित्याक?” मी हसले आणि चालत राहिले.

पुण्याची एक तुकडी ऑक्टोबरात नेपाळात मेरा शिखरावर जातेय. साडेसहा हजार मीटरच्या आसपास. शेजारची यशोदा म्हणाली, “मेरा म्हणजे कोणाचा गो?” पासांग नावाचा शेर्पा वाटाड्या बरोबर असेल. लुक्लाला छोटं विमान उतरतं, पुढे पायीच. उंचीची सवय व्हावी म्हणून मुद्दाम सावकाश. शेवटी बर्फ, कमरेला दोर, बुटांना लोखंडी काटे. ते बांधायचे कसे, हे पासांग तिथंच शिकवणार. समुद्राकाठी वाढलेल्या माझ्या छातीला ती विरळ हवा सोसेल का, कोण जाणे. भीती वाटते रे. पण अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं तर, याची जास्त.

माईला पेज पातळ लागते, मीठ बेतानं. कुशीवर वळवताना आधी खांदा धरायचा, मग कंबर. तिन्हीसांजेला तेर्साची प्रार्थना म्हणताना ती मध्येच विसरते. तेव्हा आपण हळूच पुढचे शब्द सुरू करायचे, चूक दाखवायची नाही. न्हाऊ घालायला परकी बाई आलेली तिला आवडत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी असंच नाव दिलं होतं आणि मागे घेतलं होतं. “पुढच्या वर्षी बघू,” असं तू लिहिलं होतंस. यंदा मी चाळीस पूर्ण केली. डॉक्टरांनी छाती तपासून होकार दिलाय, हेडमास्तरांनी बिनपगारी रजाही.

माईला सांगायचं धाडस मात्र होत नव्हतं. शेवटी तिनंच विषय काढला. वाळू सांडलेली दिसत होती तिला. म्हणाली, “चेडवा, तू जा. तू रवलंस तर माझ्यामुळा रवलंस, असा लोक म्हणतले. माका तां नको.” मी विचारलं, “आणि तुका कोण बघतला?” ती माझ्यावर चिडलीच. “आग्नेल बघतलो! तो माझो झील न्हय काय?” आपल्या लेकाबद्दल इतक्या खात्रीनं बोलली की मला बाहेर अंगणात जाऊन उभं राहावं लागलं. म्हणून हे पत्र. या खेपेला मी विचारत नाहीये, कळवतेय. ऑक्टोबर लागला की माईला घेऊन मी मुंबईला तुझ्याकडे येतेय. खाट खिडकीजवळ लाव. आणि आग्नेल, ती जे बोलली ते खरं कर.

तुझीच,
ईडा