तीन दिवस पुढची तारीख

ता. १८ मार्च

चि. विसरभोळीस अनेक आशीर्वाद, त्यातला एक खास स्मरणशक्तीसाठी.

तुला एक आजी आहे, आठवतं का? नसेल तर खूण सांगते. बुटकी, तोंडाळ, डाव्या कानाने कमी ऐकणारी. तीच मी. माझ्या मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. वकिलीच्या परीक्षेला अख्खी कलमं घडाघडा म्हणून दाखवायचीस, आणि घरचा पत्ता तेवढा डोक्यात राहत नाही.

अक्षर बघून दचकू नकोस. हे खालच्या मजल्यावरच्या शिंपीदादांचं. मापं लिहायची सवय, त्यामुळे माझं एवढं बोलणं ते छाती छत्तीस, कंबर तीस करून मोकळे होतात. मी म्हटलं, दादा, कापडात शिवणीसाठी माया सोडता तशी पत्रातही थोडी सोडा.

काकाचं अक्षर नाही, कारण तुझा काका घरात नाही. पाच तारखेला सकाळी त्याला धरून नेलं. दाढी करत होता. एक गाल झालेला, दुसऱ्यावर साबण. मी त्या माणसांना म्हटलं, निदान दुसरा गाल तरी होऊ द्या, अर्धा माणूस बरा दिसत नाही. त्यातला एक हसला, मग साहेबाने त्याच्याकडे बघितलं, तसा तोही हसायचा थांबला. त्यांनी कपाट उचकलं, माझी गादी उसवली, छापखान्यातून तपासायला आणलेले कागद गठ्ठा बांधून नेले. कुठे नेता विचारलं तर कळवू म्हणाले. अजून कळवतायत.

मी छापखान्यात जाऊन आले. मालक म्हणाला, असा कोणी माणूस आमच्याकडे नव्हताच. अठ्ठावीस वर्षं जो तिथे बसून त्यांच्या चुका काढत होता, तो एका सकाळीत नव्हताच झाला. आता रोज पोलीस चौकीच्या बाकावर जाऊन बसते. तिथल्या लोकांना वाटतं, म्हातारी कंटाळेल. त्यांना माझी ओळख नाही.

सरकारने धरलेल्या लोकांचे खटले तू फुकट लढतेस म्हणून मी तुला फुकटची वकीलीण म्हणायची. त्या फुकटात आता आमचाही नंबर लाव.

लोभ आहे तो पुरे, फक्त त्याला तिकीट लावून पाठवत जा.

तुझी आजी (अंगठा)


ता. १९ मार्च

ती. आजीच्या पायांवर डोकं ठेवून शि. सा. न. वि. वि.

पत्र कालच मिळालं, नेहमीसारखं लिहिलेल्या तारखेलाच. तुमचा पोस्टमन उडत येतो की काय! आमच्या कचेरीत त्याचं सगळ्यांना कौतुक आहे. पण या वेळी तो आणखी लवकर यायला हवा होता. काकाला धरून इतके दिवस झाले आणि मला पत्ता नाही. विसरभोळी म्हण, काय वाटेल ते म्हण.

काल रात्रीचीच गाडी पकडून आज सकाळी तुझ्याकडच्या न्यायालयात जाऊन आले. तुला भेटायला येणार होते, पण उद्या इथे दुसऱ्या एका आईच्या खटल्याची तारीख आहे, म्हणून लगेच परतीची गाडी धरली. काकाला भेटू दिलं नाही. आरोप मात्र वाचायला मिळाला. तीन तारखेला, मंगळवारी, संध्याकाळी सहा ते नऊ तो नदीपलीकडच्या गोदामात गुप्त बैठकीत होता आणि तिथे सरकार उलथवायचं ठरलं, असं दोन शिपायांनी लिहून दिलं आहे.

आपला काका! स्टुलावर चढून दिवा बदलायला घाबरणारा माणूस सरकार उलथवणार!

खरं कारण मला माहीत आहे आणि ते मीच आहे. धरून नेलेल्या आणि परत न आलेल्या लोकांची यादी आमच्या कचेरीने छापली. ती नावं तपासायला मी काकाकडे पाठवली होती. एकशे चौदा नावं. त्याने कुणाचा एक काना चुकू दिला नाही. मला म्हणाला होता, माणूस सापडत नाही, निदान त्याचं नाव तरी धड असावं.

आजी, त्या मंगळवारी संध्याकाळी तो कुठे होता? काही तरी कागद लागेल. नुसत्या शब्दाला इथे कुणी बसायलाही सांगत नाही.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी विसरभोळी


ता. २५ मार्च

चि. कावळीस, काळा कोट आहे तोवर आशीर्वाद.

अगं बये, मंगळवारी संध्याकाळी तो माझ्या समोर स्टुलावर बसून तुलाच पत्र लिहीत होता! आता बोल.

चुकीचं आठवतंय म्हणशील, तर ऐक. महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी आम्ही तुझं पत्र लिहितो, कारण मंगळवारी शिंपीदादा मुलीकडे जातात आणि खालचं यंत्र खडखडत नाही. माझ्या चांगल्या कानाला तेवढाच दिवस मिळतो. दादा हे लिहिताना मान खाली घालून हसतायत. सहाला बसलो ते नऊला उठलो. तीन तास लागले, कारण मी सांगत होते की तुला कोट घातल्यावर कावळी दिसतेस असं लिही, आणि तो म्हणत होता, आई, वकिलाला असं लिहू नये. शेवटी माझंच चाललं. ते पत्र तुझ्याकडे असेल. त्याच्या हातचं आहे, त्यात कावळी आहे, आणखी कसला कागद हवा?

मी चौकीवर जाऊन सांगितलं, माझ्या नातीकडे पुरावा आहे. तिथला कारकून म्हणाला, आजी, घरी जा. मी म्हटलं, मुलाला घेऊनच जाईन. त्याची धुतलेली पँट खुर्चीवर काढून ठेवली आहे.

आता तरी कागद हरवून ठेवू नकोस, मग लोभ दुप्पट करीन.

तुझी आजी (अंगठा)


ता. २६ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्र सापडलं. हरवलं नव्हतं, तुझी सगळी पत्रं मी एका फायलीत ठेवते. कावळी आहे. काकाचं मोत्यासारखं अक्षरही आहे.

पण आजी, त्यावर तारीख सहा आहे. तीन नाही, सहा मार्च. काकानेच लिहिलेली, ठळक. मी दिव्याखाली धरून तीनदा बघितली.

पाच तारखेला त्याला नेलं. सहाला तो कोठडीत होता. कोठडीतला माणूस घरच्या स्टुलावर बसून पत्र कसा लिहील? हे जसंच्या तसं पुढे ठेवलं तर सरकारी वकील एवढंच म्हणेल, की आम्ही मागाहून बनवलं आणि बनवतानाही चुकलो.

नीट आठव. पत्र लिहिलं ते नक्की त्याच मंगळवारी? की आधीच्या? दादांना म्हणावं, माप आखूड करू नका, सगळं लिहा. जामिनाची सुनावणी वीस एप्रिलला आहे.

मी घाबरले आहे, म्हणून आज चेष्टा नाही. आशीर्वाद मात्र नेहमीएवढाच दे.

तुझी नात


ता. ३० मार्च

चि. बाळीस आशीर्वाद.

ही तारीख आजचीच आहे. आधीच्या कुठल्याच पत्रावर त्या त्या दिवसाची नव्हती.

मी नवी सून होते, तेव्हा माझ्या आईची पत्रं यायची. तीही माझ्यासारखीच, कुणाला तरी सांगून लिहवायची. इकडे माझे धाकटे दीर वाचून दाखवायचे, आणि आधी तारीख वाचून म्हणायचे, वहिनी, हे तर चार दिवसांपूर्वीचं. झालं. आईने बरी आहे म्हटलेलं असलं तरी मला वाटायचं, ते चार दिवसांपूर्वी, आज कशी असेल कुणास ठाऊक. पुढचा सगळा कागद शिळा लागायचा. तेव्हाच ठरवलं, माझं पत्र कुणाला शिळं पोचता कामा नये. तुला पोचायला तीन दिवस लागतात, म्हणून मी तीन दिवस पुढची तारीख घालायला लावते. तू शिकायला गेलीस तेव्हापासून. तुला वाटावं, आजी आत्ताच बोलली.

तुझा काका कुरकुरायचा. आयुष्य चुका काढण्यात गेलेलं, खोटा आकडा लिहिताना त्याचा हात अडायचा. मी म्हणायची, आईचं ऐकावं. पोस्टमनचं कौतुक तू लिहिलंस की आम्ही दोघं पोट धरून हसायचो. शिंपीदादांनाही मी तेच करायला लावलं. त्यांनी विचारलं होतं, का? मी म्हटलं, तुम्ही शिवा.

पण मी विचार केला आहे. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो ना? तो काही माझ्या सांगण्यावरून बदलत नाही. त्यावर चार नाही तर पाच तारीख असणारच. ते पाकीट काढ आणि त्या वकिलाच्या नाकासमोर धर. बघ, मला अक्षर येत नसलं तरी अक्कल आहे.

लवकर लिही. लोभाचं मग बघू, आधी पाकीट.

आजी (अंगठा)

(आजी सांगत नाहीत, पण चार दिवस जेवण धड नाही. शिंपी.)


ता. २४ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. या वेळी विसरले नव्हते, लिहवत नव्हतं.

पाकीट नाही. गेल्या वर्षी आमच्या कचेरीवर धाड पडली. टेबलावर एका बाईचं पाकीट होतं, मागे तिचा पत्ता. दुसऱ्या दिवशी तिच्या भावालाही नेलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, पत्र हातात आलं की आधी पाकीट फाडायचं, बारीक, आणि मोरीत सोडायचं. नियम मीच केला. तुझं पाकीट मी सहा तारखेला उभ्या उभ्या फाडलं. घरचं आहे, राहू दे, असं मनात आलंसुद्धा नाही.

तरी ते पत्र मी पुढे ठेवलं. तुझं म्हणणं लिहून तुझ्या अंगठ्यानिशी दिलं होतं, तेही मोठ्याने वाचलं. तुझ्या आईच्या पत्रांचं वाचताना आवाज जरा हलला, ते बरं झालं नाही. सरकारी वकिलाने विचारलं, ज्या बाईला आकडा ओळखता येत नाही, ती तारखेची साक्ष कशी देते? मागची बाकं हसली. न्यायाधीश हसले नाहीत, ते घड्याळाकडे बघत होते. जामीन नाकारला. पुढची तारीख तीन महिन्यांनी. खोटा कागद का दिला म्हणून मला नोटीस आली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत काकासाठी मी उभी राहू शकत नाही. कचेरीतल्या एक वकीलबाई उभ्या राहतील. त्यांच्याकडे आधीच एकवीस जण आहेत.

परवा मात्र मला सात मिनिटं भेटू दिलं, घरची म्हणून. त्याला तारखेचं सांगितलं. हसला. म्हणाला, आईला सांग, तिने सांगितलं पण लिहिलं मी, आणि कळून सवरून लिहिलं. म्हणाला, जगाच्या चुका सुधारत बसलो, महिन्याला एक तिच्यासाठी करायचो, त्याचं काही वाटत नाही.

पुढचे दोन दात नाहीत. न्हाणीघरात पाय घसरला म्हणाला. शिपाई शेजारीच उभा होता. गुरुवारी बाहेरचा डबा आत घेतात, तो मी देऊ शकते. तेवढंच देऊ शकते.

आजी, मला रागाव. कुणी तरी रागवायला हवं.

तुझी नात


ता. २८ एप्रिल

चि. बाळीस आशीर्वाद, जेवढे शिल्लक आहेत तेवढे सगळे.

रागावणार नाही. तू मागतेस म्हणून तर मुळीच नाही. बायकांची पाकिटं फाडलीस ते बरोबर केलंस. ज्यांचे भाऊ वाचले त्यांना ठाऊकही नसेल, त्यांना सांगूही नकोस. नोटिशीला उत्तर दे. कोट खुंटीला टांगून बसू नकोस, कावळीने तारेवर बसणं सोडलं तर चिमण्यांनी कुणाकडे बघायचं.

तुझं पत्र दादांनी वाचलं, पण मध्ये एक ओळ गाळली. मला अक्षर येत नाही, पण माणसाचा घसा अडला की कळतं. मी म्हटलं, दादा, ते जे गिळलंत ते बाहेर काढा. दोनदा नाही म्हणाले. मग वाचलं. न्हाणीघरात घसरला म्हणे. लहानपणी शाळेत कुणी मारलं की तेव्हाही तो असाच घसरायचा.

काल चौकीवर गेले. तिथल्या कारकुनाला सगळं सांगितलं, आईची पत्रं, दीर, तीन दिवस, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, लिहून घेतोय. तो कागदावर पक्षी काढत होता. मग म्हणाला, आजी, तुम्ही खरं बोलताय हे मला कळतंय. आणि पुन्हा पक्ष्याला पंख काढायला लागला. तो खेकसला असता तर मला बरं वाटलं असतं.

आता मी काय करणार, सांग. वाचता येत नाही, लिहिता येत नाही. थोडं खोटं तेवढं यायचं, तेही मायेपोटीचं, आणि तेच अंगलट आलं. उद्याही बाकावर जाईन. बसण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं, पण घरात बसण्यात तर त्याहून नाही.

लोभ कर, नाही तर भांड, पण लिहीत राहा.

आजी (अंगठा)

ता. क. डबा तू स्वतः कर, विकतचा नको. पाव दे, पण कडा कापून आणि दुधात भिजवून. अंडी उकडून कुस्कर, मीठ कमी, जखमेला झोंबतं. दाणे नकोत. सफरचंद त्याला फार आवडतं, म्हणूनच अख्खं देऊ नकोस, आवडतं म्हणून चावायला जाईल. साल काढ, फोडी पाण्यात शिजव, बोटाने दाबून बघ, आणि दबल्या तरच पाठव.